पाचवी ट्यूब

जगात काहीच हरवत नाही, नुसतं इकडचं तिकडं होतं, असं तोंडानं सांगणारे लोक मी पुष्कळ पाहिले. पण ते अक्षरशः खरं मानून त्या हिशेबानं रोजचा संसार करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि दैवयोगानं तो माझा साडू निघाला. माझ्या बायकोची थोरली बहीण ती आमची आक्का, आणि आक्काचे यजमान ते हे. निपाणीच्या एका हायस्कुलात ते रसायनशास्त्र शिकवत, म्हणून सगळा गाव त्यांना मास्तर म्हणे आणि मीही मास्तरच म्हणत असे. मी बेळगावचा, खडेबाजारात बिऱ्हाड, कोर्टात कारकुनी. शास्त्राशी माझा संबंध चहाला आधण ठेवण्यापुरता. एकदा मास्तर आमच्याकडे आले असताना भर बाजारात त्यांची छत्री गेली. मी हळहळून म्हणालो, "हरवली की हो!" तर मास्तर शांतपणे म्हणाले, "हरवती कशी, पाव्हणं? आपल्या बाजूची वजा झाली, दुसऱ्या कुणाच्या बाजूला मिळाली. बेरीज तेवढीच हाय." आणि या बेरजेवर संतुष्ट होऊन ते चैत्राच्या उन्हात बोडक्या डोक्यानं घरापर्यंत चालत आले.

साडूसाडूंचं नातं मोठं वाईट. सासुरवाडीला दोघांना शेजारी पाटावर बसवून गाव मनातल्या मनात तोलत असतं. मास्तरांमुळे माझी त्यातून कायमची सुटका झाली, कारण गावाला बोलायला त्यांचं एकट्याचं पुरत असे. आमची सासुरवाडी खानापुराकडच्या एका खेड्यात. मास्तरांच्या पहिल्या दिवाळसणाची हकिकत तिथं अजून सांगतात. सासरे चिलमीचे शौकीन. जावईबापूंनी चुन्याची निवळी एका पेल्यात घेतली, सासऱ्यांच्या हातात बोरूची नळी दिली आणि म्हणाले, "मामा, हितनं फुका." मामांनी फुंकलं. आरशासारखं स्वच्छ पाणी बघता बघता दुधासारखं पांढरं झालं. मास्तर म्हणणार होते की श्वासातल्या वायूचा आणि चुन्याचा संयोग झाला. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत मामा मटकन खाली बसले. आपल्या छातीत एवढा चुना साठलाय अशी त्यांची खात्री झाली. पुढं महिनाभर त्यांनी पान खाल्लं नाही, आणि चिलीम मात्र दुप्पट ओढली. धुरानं चुना बाहेर पडतो, हे शास्त्र त्यांचं स्वतःचं.

मास्तर मूळचे कोगनोळीकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. त्यांच्या चुलत्यांनी, म्हणजे आप्पांनी, घर बांधायला काढलं आणि भट्टीवाल्याकडं शंभर मण चुनखडी भाजायला दिली. परत आला छप्पन्न मण चुना. आप्पांनी काठी उचलली. चव्वेचाळीस मण चोरीला गेलं म्हणून भट्टीपाशी दहा माणसं जमली, तेवढ्यात कुणीतरी मास्तरांना बोलावून आणलं. मास्तरांनी भट्टीच्या कठड्यावर कोळशानं समीकरण मांडलं आणि निकाल दिला, "आप्पा, शंभराला छप्पन्न म्हंजे बरोब्बर हाय. चव्वेचाळीस मण वायू झाला, हवेत गेला." आप्पांनी काठी खाली टेकवली. मग म्हणाले, "हवेत गेलं म्हन्तोस? मग आता हवेकडनं तूच आणून दे." भट्टीवाल्याचं डोकं वाचलं, पण पुतण्याला शिकवण्यात आपलं बरंच काही हवेत गेलं, असं आप्पा मरेपर्यंत सांगत.

बोलताना आकड्यापुढं एकक नसेल तर मास्तरांना अन्न गोड लागत नसे. परीक्षेत ते त्यासाठी अर्धा गुण कापत. आम्हांला मुलगा झाला तेव्हा मी आनंदाच्या भरात कार्ड टाकलं, "मुलगा झाला, वजन सात, बाळ-बाळंतीण खुशाल." उलटटपाली उत्तर आलं, "आनंद झाला. सात काय? शेर की पौंड? दुपट्यासकट की दुपट्याविना? कळवणे." वायूबद्दल बोलायचं तर कुठलं तापमान आणि कुठला दाब हे आधी सांगितलं पाहिजे, आणि त्यांच्या मते जगातली बरीचशी भांडणं हे न सांगितल्यामुळं होतात. आमच्या घरचा चहा त्यांना कधी आवडला नाही, पण दोष त्यांनी माझ्या बायकोला दिला नाही, बेळगावला दिला. "तुमचं गाव उंचावर. दाब कमी. पाणी साडेसत्त्याण्णव अंशालाच उकळतंय. पत्ती बिचारी काय करंल? आमच्या निपाणीत अठ्ठ्याण्णव." त्या अर्ध्या अंशाचा त्यांना जो अभिमान होता, तो निपाणीच्या तंबाखूवाल्यांना तंबाखूचाही नसेल.

अशा माणसाशी आक्कानं पंचवीस वर्षं संसार केला. ती तिसरीपर्यंत शिकलेली, बुटकी, हसरी, आणि जिभेची तिखट. मास्तरांचा रोजचा नेम असा की शाळेतून आल्यावर पाय धुवून पाटी घ्यायची आणि दिवसाचं एक गणित सोडवायचं: अमुक इतकं जस्त, तमुक आम्ल, वायू किती निघेल. तेच ते प्रकार ते वीस वर्षं सोडवत होते, जशी दुसरी माणसं संध्या करतात. आक्का चुलीपाशी कालवण उकळून, पीठ मळून बसे. तवा मात्र ठेवत नसे. थोड्या वेळानं आतून विचारी, "उत्तर आलं का?" मास्तर म्हणत, "आलं." मग ती भाकरी टाकी. पहिल्या भाकरीच्या वासाबरोबर मास्तर पाटी पुसून आत येत. एकदा मी मुक्कामाला होतो आणि उत्तर काही केल्या येईना. दोनदा विचारून झालं. शेवटी आक्का दारात येऊन म्हणाली, "अवो, पुस्तकातच चूक असंल. पुस्तकवाल्याला बायको नसंल इचारायला." मास्तरांनी पुस्तकामागचं उत्तर पडताळून पाहिलं, आणि खरोखर छापण्यात चूक निघाली. त्यांनी ती लाल शाईनं दुरुस्त केली आणि आक्काकडं असं पाहिलं की मी मान फिरवून बाहेर बघत बसलो.

मग बेचाळीसची चळवळ आली. कुठं कुठं बाँब झाले आणि सरकारला शाळांच्या प्रयोगशाळांची भीती वाटू लागली. निपाणीच्या फौजदारानं शाळेत येऊन एक-एक बाटली तोलली. पोटॅशियम क्लोरेट नावाचं एक पांढरं मीठ असतं. तापवलं की त्यातून शुद्ध प्राणवायू निघतो. मास्तर दरवर्षी तो पोरांना काढून दाखवत. तेच मीठ बाँबातही घालतात. ती बाटली कपाटात बंद झाली आणि कुलपावर लाखेचं सील बसलं. मास्तर हळहळले ते चळवळीसाठी की प्रयोगासाठी, ते मी विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात आक्का आजारी पडली. निपाणीत तंबाखूच्या हंगामात हवेतच तंबाखू असते. तिची छाती मुळात नाजूक, त्यात न्यूमोनिया झाला. माझी बायको आधीच तिच्या शुश्रूषेला जाऊन राहिली होती. एका संध्याकाळी मला तार आली. डॉक्टर म्हणत होते, प्राणवायू द्यायला हवा. निपाणीत तो नाही, बेळगावात बघा. मी कॅम्पातल्या एका ओळखीच्या डॉक्टरांचे पाय धरले आणि त्यांच्याकडचा एकुलता एक सिलिंडर मिळवला. पहाटेच्या सर्व्हिस मोटारीनं निघतो, अकराच्या सुमारास पोचेन, अशी उलट तार केली.

लढाईमुळं पेट्रोल नव्हतं. मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागं एक भट्टी लटकावलेली, धूर ओकणारी. मास्तर पूर्वी त्या मोटारीला हसत. "अर्धवट जळलेला कोळसा तो. माणसाला पुरा कुठनं पोचवंल?" म्हणत. मी सिलिंडर पायांत घट्ट धरून बसलो होतो. संकेश्वरला भट्टी विझत आली म्हणून ड्रायव्हर कोळसा भरायला थांबला. थंडी मरणाची होती. तो म्हणाला, "सायेब, चला, कपभर घेऊ," आणि मी उतरलो. बसून चहा घेतला. कप गरम होता म्हणून बशीत ओतून, फुंकून घेतला. पुढं तवंदीच्या घाटात मोटारीनं जीव टाकला. उतारू उतरले, आम्ही ढकलली, ती पुन्हा चालू झाली. निपाणीला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.

इकडं काय झालं ते बायकोनं मला नंतर सांगितलं. सकाळी आक्काचा श्वास वाढला. डॉक्टर म्हणाले, मोटार येईपर्यंत निभेल असं दिसत नाही. मास्तर तडक शाळेत गेले, सील फोडलं, आणि कपाटावर चिठ्ठी चिकटवली: "सील मी फोडले. सकाळी सात वाजून दहा मिनिटे. तापमान पंधरा अंश. कारण कळवीन." खाली सही. मोटारस्टँडवरून त्यांनी टायरच्या पाच जुन्या ट्यूबा मागून आणल्या होत्या. मीठ तोललं, वायू लवकर सुटावा म्हणून काळी पूड मिसळून तापवलं, निघालेला वायू चुन्याच्या निवळीतून धुतला आणि एक-एक ट्यूब फुगवली. आयुष्यभर सोडवलेलं गणित होतं ते. चार ट्यूबा भरल्या. सगळे मिळून शहात्तर लिटर, निपाणीच्या तापमानाला आणि दाबाला. म्हणजे वीस मिनिटं. शेगडी पेटवायच्या आधीच हे उत्तर त्यांना ठाऊक होतं.

दोन ट्यूबा उजव्या खांद्याला, दोन डाव्या, पाचवी रिकामी गळ्यात, असे मास्तर भरबाजारातून घरी आले. माणसं थांबून बघत होती. काही हसलीही, त्यांना काय माहीत. घरी त्यांनी आक्काच्या तोंडाशी फनेल धरलं, नळी पहिल्या ट्यूबेला लावली आणि चिमटा सैल केला. निळे पडलेले ओठ हळूहळू माणसासारखे झाले. तिनं डोळे उघडले, गळ्यात ट्यूब अडकवलेल्या नवऱ्याकडं बघितलं आणि हसली. "ह्ये काय ओ? मोटार काढलीसा व्हय?"

मास्तर ट्यूबा बदलत राहिले. एका हातात घड्याळ, मांडीवर वही. एवढ्या वेळात आक्का थोडंसंच बोलली. बहिणीला म्हणाली, दुधाला विरजण लाव. मग तिला मास्तरांच्या मांडीवरची वही दिसली असावी. तिनं विचारलं, "उत्तर आलं का?"

"आलं," मास्तर म्हणाले.

"मग जेवून घ्या की."

तेव्हा चौथी ट्यूब चालू होती. ती संपली आणि मग काही वेळानं मी दारात सिलिंडर घेऊन उभा राहिलो.

किती वेळानं, ते बायकोला सांगता येईना. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की सिलिंडर तासभर आधी आला असता तरी तिनं दिवस काढला असता याची खात्री नव्हती. चांगला माणूस. मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचा पुष्कळ प्रयत्न केला.

तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडायला गेलो. मला मनातून धास्ती होती. शेगडीतला कोळसा आणि मागची राख दोन्ही तोलून, मधलं कुठं गेलं ते सांगणारा हा माणूस. इथं काही बोलला तर मी काय करू? पण मास्तर राखेकडं बघतच नव्हते. नदीकडं तोंड करून उभे होते. परत येताना म्हणाले, "पाव्हणं, फौजदाराकडं जायचं हाय. कारण कळवीन म्हणून लिवलंय." मी परोपरीनं सांगितलं, आज नको. सरकारी सील फोडलेलं, त्यात ते मीठ बाँबाचं. फौजदार आत घालायला मागंपुढं बघणार नाही. त्यांनी ऐकलं नाही.

चौकीत त्यांनी टेबलावर बाटली ठेवली, शेजारी एक कागदाची पुडी ठेवली, आणि लेखी जबाब ठेवला. मी तो वाचला होता. पोलीस चौकीत गेलेला तसा कागद दुसरा नसेल. वर समीकरण होतं. खाली: "मीठ घेतले, दोनशे पंचेचाळीस ग्रॅम. मागे राहिले, काळी पूड वजा जाता, एकशे एकोणपन्नास ग्रॅम. ते पुडीत हजर केले आहे."

फौजदार धारवाडकडचा, दांडगा, मिशाळ गडी. त्यानं कागद दोनदा वाचला, पुडी उघडून पाहिली आणि कानडी हेलात विचारलं, "अल्री मास्तर, शहाण्णव ग्रॅम कमी हाय की. ते कुठं गेलं?"

मास्तरांनी आप्पांना जसं सांगितलं होतं तसं, हवेत गेलं म्हणून सांगितलं नाही. ते म्हणाले, "आमच्या मंडळींनी घेतलं."

फौजदाराला गावातली बातमी कळलेली असणारच. मग त्यानं आपली वही काढली, बाटली तोलायला लावली आणि आवाज शक्य तेवढा मऊ करून म्हणाला, "माझ्या वहीत दोनशे चौऱ्याण्णव हाय. अजून एकोणपन्नास शिल्लक हाय बघा बाटलीत. सगळं घेतलं न्हाय तुम्ही. कायदा पाळणारा माणूस तुम्ही मास्तर, म्हणून मी हे वर कळवत न्हाय. जावा घरी."

तो भल्या हेतूनंच बोलला. पण मास्तरांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. ते बाटलीकडं बघत होते. रसायनाच्या पुस्तकातला आकडा दोनशे पंचेचाळीसचा. त्यात शहाण्णव भाग प्राणवायू सुटतो. वर्गात ते दरवर्षी त्याचा दहावा हिस्सा तोलत, साडेचोवीस. त्या सकाळी हातानं सवयीनं पुस्तकातलं वजन तोललं, बाटलीला बूच लावलं आणि कपाटात ठेवलं. उरलेल्याकडं लक्षच गेलं नाही. एकोणपन्नास म्हणजे दोनशे पंचेचाळीसचा बरोबर पाचवा हिस्सा. वीस मिनिटांचा पाचवा हिस्सा किती, ते गणित मलाही सुटण्यासारखं होतं.

बारावा झाला, पाहुणे गेले. मला रजा होती म्हणून मी आणि बायको राहिलो. मोटारवाला येऊन चार ट्यूबा घेऊन गेला. पाचवी मास्तरांनी दिली नाही. ती खुंटीवर लोंबत होती, चपटी. संध्याकाळी दिवे लागले तसे मास्तर पाय धुवून वही घेऊन बसले. बायकोनं भाकऱ्या केल्या, ताट वाढलं, दोनदा हाक मारली. ते हलले नाहीत. ती डोळे पुसत मला म्हणाली, "चार दिवस झाले, असंच चाललंय. अन्न निवून जातंय. बघा तुम्ही." तेव्हा कुठं माझ्या जाड डोक्यात उजेड पडला. मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो आणि आतून, जिथून ती विचारत असे तिथून, विचारलं, "मास्तर, उत्तर आलं का?"

वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"न्हाय," ते म्हणाले. "चार मिनिटं कमी पडत्यात."

मी बाहेर येऊन त्यांच्यापाशी बसलो. वही उघडी होती. सकाळचं तापमान, बॅरोमीटरचा दाब, चारही ट्यूबा लावल्याची आणि संपल्याची वेळ, मिनिट आणि सेकंदासकट. शेवटी आक्काची वेळ. त्याखाली ओळ आखून ठेवलेली आणि कोरी. "मास्तर, संकेश्वरला मी चहा घेतला," मी म्हणालो. "मोटार थांबली होती हे खरं, पण कोळसा भरून झाल्यावरही आम्ही बसलो होतो. बशीत ओतून प्यायलो मी. मला सांगा, मी दारात आलो तेव्हा किती वाजले होते?"

मास्तरांनी वही मिटली.

"त्या वक्ताला मी घड्याळ बघितलं न्हाय," ते म्हणाले.

लग्नात अंतरपाट दूर होताना ज्यानं घड्याळ बघितलं होतं, पोरगं जन्मलं की दुपट्यासकट का दुपट्याविना विचारायचं ज्याला सुचतं, तो हा माणूस. माझ्या माहितीत आयुष्यभरात तो खोटं एवढंच बोलला. मला रडू कोसळलं. त्यांनी मला रडू दिलं, पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. ते त्यांना जमत नसे. मग खुंटीवरच्या ट्यूबेकडं बघत म्हणाले,

"संकेश्वरात पाणी किती अंशाला उकळतंय, ठावं हाय का तुमास्नी?"

"नाही."

"तुमच्या-आमच्या मधी हाय ते. अठ्ठ्याण्णवाला थोडंसं कमी. चहा कसा हुता?"

"पांचट होता, मास्तर."

"हुणारच की," ते म्हणाले. आणि उठून, हात धुवून ताटावर येऊन बसले.

याला आता काही वर्षं झाली. मी अजून सवड मिळाली की निपाणीला जातो. खुंटीवरच्या ट्यूबेचं रबर आता तडकलं आहे. दिवे लागले की मी स्वयंपाकघरात जाऊन विचारतो, उत्तर आलं का; आणि मास्तर कधी आलं म्हणतात, कधी न्हाय म्हणतात, पण जेवायला येतात. वहीतली ती ओळ अजून कोरीच आहे.